स्ट्राइक की बॉल? लिटल लीगमध्ये पहिल्यांदा प्लेटमागे उभं राहणाऱ्यांसाठी

मुलाला किंवा मुलीला लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, घातलं की मोसम सुरू व्हायच्या आधी लीगकडून हमखास एक ईमेल येते: अंपायर कमी पडतायत, पालकांनी पुढे यावं. आपली मंडळी या ईमेलकडे काणाडोळा करतात. खाऊची पाळी घेतील, स्कोअर लिहितील, सकाळी लवकर जाऊन मैदानावर चुन्याच्या रेषा मारतील, पण अंपायरिंग म्हटलं की 'आपण क्रिकेटवाले, आपल्याला त्यातलं काय कळतंय' म्हणून मागे सरतात. मी इथे न्यू जर्सीत काही मोसम प्लेटमागे (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीमागे, मुख्य अंपायरच्या जागी) उभी राहिले आहे आणि माझं मत असं आहे की क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला हे काम चांगलं जमतं. चेंडूचा मार्ग वाचायची सवय त्याला आधीपासून असते. अडतं ते दुसरीकडेच.

स्ट्राइक झोन म्हणजे प्लेटवरची ती जागा, जिथून गेलेला चेंडू बॅटरनं न मारता सोडला तरी स्ट्राइक ठरतो; बाहेरून गेलेला सोडला तर बॉल. नवख्याला वाटतं की हा झोन तीक्ष्ण नजरेनं ओळखतात. नजर आपली सगळ्यांची उन्नीस-बीस सारखीच असते. डोकं कुठे ठेवलंय, चेंडू येताना ते हललं का, आणि कौल द्यायच्या आधी तुम्ही श्वासभर थांबलात का, या तीन गोष्टींवर सगळा मामला आहे. पुढचं सगळं लेखन याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

हे नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांपुरतं आहे. वरच्या वयोगटाचे, शाळांचे, सॉफ्टबॉलचे नियम काही ठिकाणी वेगळे असतात. आणि गोंधळ नको म्हणून: खाली वस्तूला 'चेंडू' म्हटलंय, अंपायरच्या निर्णयाला 'बॉल'.

१. आधी कागदपत्रं

मैदानावर पाय ठेवण्याआधी हे उरकून घ्या:

- लीगचा स्वयंसेवक अर्ज. तो दरवर्षी नव्यानं भरावा लागतो.
- सरकारी फोटो ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट चालतो.
- पार्श्वभूमी तपासणीला संमती. मुलांच्या जवळ वावरणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची ती होते, राग मानू नका.
- बालशोषण ओळखणं आणि रोखणं याबद्दलचं ऑनलाइन प्रशिक्षण. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र जपून ठेवा, लीग मागते.
- डोक्याला मार लागल्यास काय करावं यासारखी प्रशिक्षणं. राज्यागणिक फरक असतो, लीगच्या सचिवाला विचारा.
- चालू वर्षाचं नियमपुस्तक. फोनवर त्याचं ॲपही मिळतं. मागच्या वर्षीचं पुस्तक घेऊन वाद घालू नका.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. लिटल लीगमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी बिनपैशाचं असतं, आणि तसं असेल तोवर प्रश्न नाही. पण काही लीग आणि ट्रॅव्हल संघांच्या स्पर्धा अंपायरला सामन्यामागे पैसे देतात. एच-१बी व्हिसावर तुम्हाला ज्या कंपनीनं आणलंय तिच्यासाठीच काम करता येतं. एच-४ वर असाल आणि ईएडी (कामाचा परवाना) नसेल, किंवा एफ-१ वर शिकत असाल, तरी असे पैसे घेणं अंगाशी येऊ शकतं. पाकिटातून रोख मिळाले म्हणून ते काम नव्हे, असं होत नाही. कोणी पैसे देऊ केले तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि मग हात पुढे करा.

२. अंगावर काय हवं

मास्क (गळ्यापुढे पट्टी असलेला), शर्टाच्या आत घालायचा छातीचा संरक्षक, नडगीचे गार्ड, कप, पुढचं टोक मजबूत असलेले बूट. कमरेला चेंडूंची पिशवी, खिशात छोटा ब्रश, डाव्या हातात इंडिकेटर. इंडिकेटर म्हणजे बॉल, स्ट्राइक आणि आउट मोजायची चाकं असलेली मुठीत मावणारी डबी.

सगळं विकत घेऊ नका. बहुतेक लीगकडे एक-दोन संच पडून असतात. मास्क आणि नडगीचे गार्ड मात्र स्वतःच्या मापाचे हवेत. ढिला मास्क ऐन चेंडू येताना सरकतो, आणि तुम्ही तो सावरायला हात उचललात की डोकं हललंच.

ब्रशचा एक रिवाज सांगून ठेवते. प्लेट झाडायची असेल तर प्लेटच्या पुढे या, पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) पाठ करा आणि मग वाका. प्रेक्षकांकडे पार्श्वभाग करून वाकायचं नाही. नियमपुस्तकात हे शोधू नका, पण जुने लोक एवढ्यावरून तुम्हाला जोखतात.

३. पुस्तकातला झोन

लिटल लीगच्या नियमानुसार झोन म्हणजे होम प्लेटच्या वरची जागा: बॅटर नेहमीसारखा उभा असताना त्याच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. मेजर लीगचा, म्हणजे मोठ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलचा, झोन वेगळा आहे. तिथे वरची हद्द खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध, आणि खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालच्या खोलगट भागाशी. म्हणजे आपल्या मुलांचा झोन टीव्हीवरच्या झोनपेक्षा वरून जास्त उघडा आणि खालून किंचित कमी. छातीच्या उंचीवरून गेलेल्या चेंडूला तुम्ही स्ट्राइक म्हणालात की बाकांवरून 'फार उंच!' अशी ओरड होते, ती यामुळेच. ओरडणारे टीव्हीवरचा झोन डोक्यात घेऊन बसलेले असतात.

रुंदीला हद्द प्लेटची. ती १७ इंच रुंद, पंचकोनी, सरळ कड पिचरकडे आणि टोक तुमच्याकडे. चेंडूचा व्यास तीन इंचांना थोडा कमी. चेंडूचा कोणताही भाग झोनच्या कोणत्याही भागाला शिवला तरी स्ट्राइक. दोन्ही बाजूंना चेंडूची रुंदी धरली की जवळजवळ २३ इंचांच्या पट्ट्यातून आलेला चेंडू स्ट्राइक ठरू शकतो. नवखे अंपायर प्लेटच्या काळ्या कडेला भिंत समजतात आणि कड घासून गेलेल्या चेंडूंना सर्रास बॉल देतात.

क्रिकेटवाल्यांनी इथे दोन सवयी सोडायच्या. पहिली: बॅट्समन सरकला की क्रिकेटमध्ये वाइडचा हिशोब बदलतो. इथे बॅटर प्लेटपासून कितीही लांब उभा राहिला तरी प्लेट जागची हलत नाही आणि रुंदीचा झोनही हलत नाही. उंची मात्र प्रत्येक बॅटरगणिक बदलते. दुसरी: टप्पा. जमिनीवर टप्पा पडून आलेला चेंडू नंतर झोनच्या मधोमध गेला तरी तो बॉल. बॅटर हवं तर तो मारू शकतो, आणि टप्पा पडून आलेला चेंडू अंगाला लागला तर त्याला पहिला बेसही (धावताना गाठायचा पहिला थांबा) मिळतो. पण बॅट न फिरवता सोडला तर स्ट्राइक नाही.

आणखी एक अट लक्षात ठेवा: 'नेहमीसारखा उभा असताना'. कोणीतरी शिकवलेलं पोर चेंडू सुटताच उकिडवं बसतं, म्हणजे झोन आक्रसेल. त्याला भुलू नका. बॅट फिरवायच्या तयारीत ते जसं उभं राहतं त्यावरून हद्द ठरवा. खरोखरच बुटका बॅटर असेल तर मात्र झोन खरोखरच लहान. १९५१ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुइस ब्राउन्सचे मालक बिल वीक यांनी एडी गेडेल या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला बॅटिंगला पाठवलं होतं. प्लेटमागच्या एड हर्ली यांनी त्याचा करार तपासला आणि खेळ पुढे चालू दिला. चार चेंडू, चारही बॉल, आणि चार बॉलला बेस फुकट, म्हणून गेडेल चालत पहिल्या बेसवर. मेजर लीगमधली त्याची तेवढीच एक खेळी.

झोन वर्षानुवर्षं एकच आहे असंही समजू नका. १८८७ च्या आधी तर बॅटर पिचरला उंच किंवा खाली असा चेंडू मागू शकत असे. १९६३ मध्ये वरची हद्द खांद्यापर्यंत नेली. त्यानंतर पिचर इतके वरचढ झाले की १९६८ चा मोसम आजही पिचरांचं वर्ष म्हणून ओळखला जातो. १९६९ मध्ये झोन पुन्हा काखेपर्यंत खाली आणला आणि पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर उतरवला. १९८८ आणि १९९६ मध्ये पुन्हा बदल झाले. तेव्हा 'आमच्या वेळी हा स्ट्राइक होता' असं म्हणणारे आजोबा खोटं बोलत नसतात.

४. उभं कुठे राहायचं

या पायरीवर घाई करू नका. इथे पाया चुकला की पुढचं सगळं चुकतं.

कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) बरोबर मागे उभं राहायचं नाही. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. तिला 'स्लॉट' म्हणतात. उजव्या हाताचा बॅटर तुमच्या डावीकडे असतो, तेव्हा तुम्ही कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघता. डावखुरा आला की सगळं उलट. नाक प्लेटच्या आतल्या कडेच्या रेषेत येईल असं पाहा.

पाय खांद्यांपेक्षा रुंद. बॅटरकडचा पाऊल आधी टाका, मग दुसरं पाऊल थोडं मागे, म्हणजे मागच्या पावलाचा अंगठा पुढच्या पावलाच्या टाचेच्या रेषेत. वजन दोन्ही पायांवर. पिचर चेंडू सोडायच्या तयारीत आला की खाली बसा, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या माथ्याइतकी येईपर्यंत. त्याहून खाली गेलात की कॅचरचं डोकं बाहेरचा खालचा कोपरा गिळून टाकतं. त्याहून वर राहिलात की खालचे सगळे चेंडू चांगले दिसू लागतात.

हात कुठे ठेवायचे, हे कोणी सांगत नाही आणि मग बोटं सुजतात. मुठी मिटलेल्या, अंगाशी, कॅचरच्या आडोशाला. गेरी डेव्हिस या मेजर लीग अंपायरच्या नावानं ओळखली जाणारी एक पद्धत आहे, तिच्यात कॅचरपासून थोडं मागे राहून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून कोपर ताठ करतात. डोकं दर वेळी त्याच उंचीला येतं हा तिचा फायदा. पाठीला बरी वाटली आणि उंची जुळली तर तीही वापरा. एका सामन्यात दोन पद्धती मात्र नकोत.

आता नेहमीचा सापळा. कॅचर आत सरकतो आणि तुमची फट बुजवतो. नवखा अंपायर अशा वेळी बाहेरच्या बाजूला सरकतो. तसं करू नका. आतल्या कडेचा चेंडू मग तुम्हाला दिसतच नाही. जागा तीच ठेवून डोकं वर उचला आणि कॅचरच्या माथ्यावरून बघा. खालचा भाग थोडा कमी दिसेल, पण मधली रेष हातची जाणार नाही.

५. डोकं गाडा, डोळे फिरवा

पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या मिटमध्ये (जाड हातमोज्यात) जाईपर्यंत चेंडू डोळ्यांनी पाहायचा. फक्त डोळ्यांनी. नाक पिचरकडेच. डोकं चेंडूमागे वळलं की चेंडू आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो आणि तो प्लेटवरून कुठून गेला हे कळत नाही.

मेजर लीगमध्ये ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर येतो. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवर असतो, मेजर लीगमध्ये ६० फूट ६ इंचांवर. दहा-अकरा वर्षांच्या पोराचा चेंडू हळू असला तरी अंतर कमी असल्यामुळे तुम्हाला वाटतं तितका वेळ मिळत नाही.

सुरुवातीला अंग आपोआप आक्रसतं, डोळे मिटतात, मान वळते. हा भित्रेपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे. पण मान वळवणंच धोक्याचं: मास्क आणि छातीचा संरक्षक समोरून येणारा मार झेलायला बनवलेले असतात. बाजूला वळलात की कान आणि मान उघडी पडते. चेंडूला सरळ तोंड द्या. फाउल होऊन (बॅटला लागून भलतीकडे उडून) मास्कवर आदळलेला चेंडू मोठा आवाज करतो, दुखत फारसं नाही. पण डोकं गरगरलं किंवा मळमळलं तर शूरपणा न दाखवता खेळ थांबवा आणि बाहेर बसा.

६. थांबा, मग बोला

चेंडू मिटमध्ये गेला. आता एक क्षण काहीच करू नका. पाहिलं, ठरवलं, मग कौल. डोळ्यांनी पाहिलेला चेंडू मनात पुन्हा एकदा प्लेटवरून जाऊ द्या. ज्याचा कौल मिटच्या आवाजाबरोबर येतो त्यानं चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच ठरवलेलं असतं. वळणारा चेंडू नेमका शेवटच्या अर्ध्या वाटेत वळतो.

स्ट्राइक असेल तर ताठ उभे राहा, उजवा हात वर, आवाज मोकळा. बॉल असेल तर बसल्या जागीच, हात न हलवता, कॅचर आणि बॅटरला ऐकू जाईल इतकं 'बॉल' म्हणा. बॅट फिरवून हुकलेला चेंडू असेल तर नुसती खूण पुरे, सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. आवाज पहिल्या चेंडूला जेवढा होता तेवढाच शेवटच्याला ठेवा. चाचरत दिलेला बरोबर कौलसुद्धा चुकीचा वाटतो.

७. अडवणारे चेंडू

*बाहेरचा, खाली.* सगळ्यात कठीण. तुम्ही आतल्या बाजूनं बघत असल्यामुळे हा कोपरा तुमच्यापासून सर्वात लांब. इथे कॅचरच्या मिटची मदत घ्या. मिट जागेवर राहून चेंडू घेतला की हात लांबवून घेतला? बोटं वर होती की खाली वळवावी लागली? झोन प्लेटवर असतो, मिटमध्ये नसतो, हे खरंच. तरी कोपऱ्यातल्या शंकेच्या चेंडूला मिट बरीच खरी साक्ष देतं.

*उंचावरून पडणारा.* लहान पिचर दमला की चेंडू कमान करत येतो. प्लेटच्या पुढच्या कडेवर तो बॅटरच्या गळ्यापाशी असतो आणि मागच्या टोकापर्यंत छातीशी उतरतो. झोन हा सपाट चौकट नाही, त्याला प्लेटइतकी खोली आहे. मागच्या टोकावर काखेच्या खाली आला असेल तर तो स्ट्राइक. मनातून पटायला वेळ लागतो, बॅटरच्या आईला तर त्याहून जास्त.

*जमिनीलगत पकडलेला कर्व्ह.* गुडघ्यावरून गेला, खाली वळला आणि कॅचरनं मातीतून उचलला. पुस्तकानुसार स्ट्राइक. दिला तर दोन्ही बाकं उठतात. अगदी स्पष्ट पाहिला असेल तरच द्या, तिळभर शंका असेल तर बॉल. माझ्या ओळखीच्या काही अंपायरांना हे पटत नाही. मला पटतं.

*ओढून आणलेला.* हुशार कॅचर बाहेर पकडलेला चेंडू मिट हळूच आत ओढून दाखवतो. तुम्ही प्लेटवर नजर ठेवली असेल तर फरक पडत नाही. आणि मिट फार ओढलं, तर चेंडू बाहेर होता असं त्यानंच सांगितलं म्हणायचं.

*अंगाला लागलेला.* बॅटर प्लेटवर झुकलेला असताना चेंडू झोनमध्येच त्याच्या कोपराला लागला तर तो स्ट्राइक, फुकटचा बेस नाही. पोर रडत असतं, कोच धावत येतो, अशा वेळी हे सांगायला धीर लागतो. आधी पोराकडे बघा, मग कौल समजावा.

*अर्धवट फिरवलेली बॅट.* बॅटरनं खरंच मारायचा प्रयत्न केला का, एवढंच पाहा. तुम्ही बॉल दिलात आणि कॅचरनं किंवा कोचनं विनंती केली तर बेसवरच्या अंपायरला विचारा. तुमचं तोंड त्या वेळी चेंडूकडे होतं, त्याचं बॅटकडे. विचारण्यात कमीपणा नाही.

८. झोन उघडा ठेवा

नऊ-दहा वर्षांच्या गटात पुस्तकातला झोन काटेकोर लावलात तर बॅटरांची नुसती रांग बेसवर चालत जाईल. क्षेत्ररक्षणाला उभी पोरं गवत उपटत बसतील, आणि थंडीतल्या एप्रिलमधला सामना अंधार पडेपर्यंत संपणार नाही. म्हणून या गटात प्लेटच्या दोन्ही बाजूंना चेंडूभर सूट देण्याची रीत आहे. स्ट्राइक शोधत बसा, बॉल आपसूक सापडतात. किती सूट द्यायची हे लीगच्या मुख्य अंपायरला आधी विचारा, आणि सामन्याआधी प्लेटवर दोन्ही कोच भेटतात तेव्हा त्यांनाही सांगून टाका.

मात्र एकदा दिलेली सूट मागे घेता येत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेजर लीगमधल्या नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना होता, फ्लोरिडा मार्लिन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्ज. प्लेटमागे एरिक ग्रेग होते आणि झोन बाहेरच्या बाजूला इतका पसरला होता की पिचर लिव्हान हर्नांडेझनं १५ बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले. लोक आजही त्या सामन्याची क्लिप दाखवतात. मोठा झोन देऊन माणूस किती वर्षं लक्षात राहतो ते बघा.

मनाचे खेळही ओळखून ठेवा. मेजर लीगच्या नोंदींवरून दिसलंय की तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना अंपायरचा झोन मोठा होतो, शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असताना लहान. म्हणजे अडचणीत आलेल्याला झुकतं माप देण्याकडे आपला कल असतो. मुलं खेळत असतील तर हा मोह दुप्पट. आणि भरपाईचा कौल कधीच देऊ नका. मागचा चेंडू चुकला असं वाटत असेल तर तो गेला. पुढच्या चेंडूवर हिशोब चुकता केलात की दोन चुका झाल्या आणि दोन्ही संघ नाराज.

९. मोजणी

तीन स्ट्राइक आउट, चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर. सांगताना आधी बॉल, मग स्ट्राइक. हातांनी दाखवताना डावा हात बॉलचा, उजवा स्ट्राइकचा. दर दोन-तीन चेंडूंनी मोठ्यानं सांगा, नाहीतर चौथा बॉल की तिसरा यावरून भांडण ठरलेलंच.

दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल हा स्ट्राइक धरतात. दोन झाल्यावरचा फाउल मोजत नाहीत, अपवाद बंटचा (बॅट न फिरवता चेंडूला नुसती आडवी लावणं): बंट करताना फाउल झाला तर आउट. बॅटला जेमतेम लागून थेट मिटमध्ये गेलेला आणि कॅचरनं धरलेला चेंडू हा फाउल नव्हे, स्ट्राइकच, आणि खेळ चालू राहतो. लिटल लीगच्याच मेजर्स या वरच्या गटात कॅचरच्या हातून तिसरा स्ट्राइक निसटला तर काही परिस्थितींत बॅटर पळू शकतो. मायनर्स या खालच्या गटात नाही. आज कोणत्या गटाचा सामना आहे हे गाडीतून उतरण्याआधी पाहून ठेवा.

१०. कॅचर, कोच आणि बाकांवरची मंडळी

कॅचरशी दोन शब्द बोला. तो अकरा वर्षांचा का असेना, तुमच्या आणि त्या चेंडूच्या मध्ये तोच आहे. पाणी प्यायलास का, मिट ठीक आहे ना, एवढं पुरतं.

कोच बाकावरून विचारेल, 'कुठे होता तो?' एकदा शांतपणे 'बाहेर' किंवा 'खाली' म्हणा आणि पुढे चला. प्रत्येक चेंडूचा जबाब देत बसू नका. बॉल-स्ट्राइक हा अंपायरच्या निर्णयाचा भाग आहे आणि त्यावर हरकत घेता येत नाही, हे नियमातच आहे. चढत्या आवाजात पुन्हा आला तर ताकीद द्या. तरीही ऐकलं नाही तर बाहेर काढायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि बाहेर काढलेल्या कोचला पुढच्या सामन्यालाही मुकावं लागतं. म्हणून तो शेवटचा उपाय. नियमाचं कलम चुकलं असा मुद्दा असेल तर मात्र ऐकून घ्या, पुस्तक उघडा, गरज पडली तर बदला.

पालकांना उत्तर देऊच नका. ओळखीचे असतील, रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे असतील, तरीही नाही. आणि शक्य असेल तर स्वतःच्या मुलाच्या सामन्याला प्लेटमागे उभं राहणं टाळा. दुसरं कोणीच नसेल तर दोन्ही कोचना आधी सांगा, म्हणजे नंतर कुजबुज होत नाही.

११. टीव्हीवरची चौकट

घरी सराव म्हणून टीव्हीवरचे सामने बघून कौल देत बसाल तर जपून. टीव्हीवरची चौकट सपाट असते आणि सेंटर फील्डचा कॅमेरा साधारणपणे मधल्या रेषेपासून थोडा बाजूला, उंचावर असतो. तिथून दिसणारा कोपरा आणि प्लेटमागून दिसणारा कोपरा हे दोन वेगळे चेंडू वाटू शकतात.

यंत्राचं म्हणाल तर क्रिकेटमुळे आपल्याला ओळखीचं असलेलं हॉक-आय २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर चेंडूचा माग ठेवतं. दक्षिण कोरियाच्या लीगनं २०२४ पासून सगळे बॉल-स्ट्राइक यंत्राकडे सोपवले. मेजर लीगनं २०२६ साठी मधला मार्ग मंजूर केला: कौल अंपायरचाच, पण प्रत्येक संघाला दोन आव्हानं, आणि आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरच देऊ शकतो, टोपी किंवा हेल्मेटवर थोपटून. यंत्राच्या झोनची वरची हद्द बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, आणि चेंडू प्लेटच्या मधोमध मोजला जातो. म्हणजे खोली गेली, नुसती चौकट उरली. तुमच्या मैदानावर यातलं काहीही नाही. तरी एखादा दहा वर्षांचा बॅटर हेल्मेटवर थोपटेलच. हसा आणि पुढचा चेंडू मागवा.

१२. पहिल्या सामन्याआधीचा सराव

- डिस्ट्रिक्टच्या अंपायरांची शिबिरं मोसमाच्या तोंडावर होतात. किमान एकाला जा, मास्क घालून प्रत्यक्ष मागे उभं राहायला मिळतं.
- संघाच्या सरावाला पिचर-कॅचरच्या मागे पूर्ण सामान घालून उभे राहा. सुरुवातीला कौल देऊच नका, फक्त चेंडू मिटपर्यंत पाहा. पापणी लवायची थांबली की मग मनात कौल द्या.
- बॅटिंग टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवा, गुडघ्याच्या उंचीला, आळीपाळीनं प्लेटच्या प्रत्येक कडेला. स्लॉटमध्ये बसून तो कसा दिसतो ते निवांत बघा. नंतर काखेच्या उंचीला. हा सराव घरामागच्या अंगणातही होतो आणि याचा मला सर्वाधिक उपयोग झाला.
- इंडिकेटर न बघता अंगठ्यानं फिरवायची सवय भाजी चिरता चिरता, टीव्ही बघता बघता लावून घ्या.
- पहिले काही सामने बेसवर अंपायरिंग करा आणि प्लेटमागच्या अनुभवी माणसाचं डोकं किती कमी हलतं ते बघा.

सामन्याच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा, दोन बाटल्या पाणी न्या. शेवटचा आउट झाला की लीगचे चेंडू परत द्या, कोचशी चेंडूंची उजळणी करत थांबू नका, आणि मास्क उन्हात उघडा ठेवून आतल्या गाद्या वाळवा. दुसऱ्या दिवशी सकाळचा सामना असेल तर ओल्या गाद्यांचा वास पहिल्या इनिंगपासून नाकात जातो.